उंदरांचं डाएट आजोबांना नको

मा. संपादक,

तुमच्या आरोग्य पुरवणीत ‘प्रोटीन कमी खा, म्हातारपण लांबवा’ असं हेडिंग आलं आणि आमच्या कट्ट्यावरच्या दोघांनी लगेच अंडी सोडली, दोघंही सत्तरीच्या पुढचे, म्हणून लिहितोय.

लेख खोटा नाहीये, पण अर्धाच आहे. मुद्दा सगळ्या प्रोटीनचा नाहीच, मेथिओनिन नावाच्या एका अमिनो आम्लाचा आहे (प्रोटीन ज्या छोट्या घटकांपासून बनतं, त्यांतला एक). १९९३ साली अमेरिकेत उंदरांच्या खाण्यातलं मेथिओनिन ०.८६ टक्क्यांवरून ०.१७ वर आणलं तर ते साधारण ३० टक्के जास्त जगले, पण त्यांची वाढही खुंटली, ते कुठे छापलंत? मग स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की मेथिओनिन कमी केलं की उंदरांच्या लिव्हरच्या पेशींमधले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे जिथे अन्नाची एनर्जी बनते ते भाग, पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू कमी तयार करतात. आणि २००९ मध्ये उंदरांच्याच खाण्यात मेथिओनिन तेवढंच ठेवून बाकीची अमिनो आम्लं ४० टक्क्यांनी कापली तर त्या रेणूंमध्ये काहीच फरक नाही! मग सरसकट प्रोटीन कापा हे आलं कुठून?

बरं, डाळींमध्ये मेथिओनिन मुळातच कमी असतं. वरण-भात, पोळी-भाजी खाणाऱ्या माणसाने अजून काय कापायचं? आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था सांगते किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम, आणि एका अंड्यात असतं जेमतेम ६. अमेरिकेतल्याच २०१४ च्या एका अभ्यासात ५० ते ६५ वयात जास्त प्रोटीन खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं, पण पासष्टीनंतर बरोब्बर उलटं. तो अभ्यासही फक्त संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही, पण निदान माणसांचा तरी आहे.

आणि त्याच पानावर खाली बीसीएए (म्हणजे तीन विशिष्ट अमिनो आम्लं) पावडरच्या डब्याची जाहिरात! सिडनीत २०१९ मध्ये उंदरांना आयुष्यभर दुप्पट बीसीएए दिलं तर ते खाखा करून जाड झाले आणि लवकर मेले, पण जाहिरातवाले ते कशाला सांगतील.

पुढच्या वेळी हेडिंगमध्ये ‘उंदरांमध्ये’ एवढा एक शब्द टाका, जागा फार लागत नाही. आणि साठीनंतर रोज डाळ किती, दूध किती, किडनीचा त्रास असेल तर काय, हे एखाद्या आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्या ना.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा