सही झाल्यावर लिहितेय

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बरं" म्हणून फोन आईकडे देऊन मोकळे झाले असते. म्हणून पत्र. मी नोआझी-ल-ग्राँला फ्लॅट घेतला. पॅरिसच्या पूर्वेला, आरईआर ए लाइनवर. आरईआर म्हणजे इथली लोकलच. सही झाली.

बाबा, "तू तरी लोकलमधून सुट" हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. तरी ऐका. पॅरिसात याच पैशात एकच खोली येत होती, इथे तुमच्यासाठी वेगळी खोली आहे. महिन्याच्या पासाला 2015 पासून सगळ्या झोनना एकच भाव आणि त्यातला निम्मा ऑफिसने द्यायचा असा कायदाच आहे. ऑफिस ला देफाँसला, म्हणजे पॅरिसच्या पश्चिमेकडच्या ऑफिसांच्या भागात, पण मध्ये गाडी बदलायची नाही. गर्दीच्या वेळी शहरातल्या बोगद्यात दोन-दोन मिनिटांनी गाडी. सगळ्या डबलडेकर, दारं आपोआप लागणारी, त्यामुळे लटकायचा प्रश्नच नाही, आई! गर्दी असते, खोटं कशाला सांगू. रोज दहा लाखांच्या वर माणसं या एका लाइनवर.

इंडिकेटर तुम्हाला आवडेल. प्रत्येक गाडीला चार अक्षरी नाव, पहिल्या अक्षरावरून शेवटचं स्टेशन कळतं. झेड म्हणजे सँ-जर्मां-आँ-ले, क्यू म्हणजे मार्न-ला-व्हॅलेचं शेसी. घरी येताना माझी क्यूवाली. तुमचं 'एस की एफ', स्लो की फास्ट, आठवतं.

लहानपणी साडेआठला जिन्यात तुमच्या चपला वाजल्या की मी आईची बटणांची डबी काढून ठेवायचे. शर्टाचं एखादं बटण गाडीतच राहिलेलं असायचं.

आई, कढीपत्त्याची काळजी नको. माझ्याच लाइनवरच्या शातले स्टेशनाहून आरईआर बीने एकच स्टेशन, गार द्यु नोर. तिथून जवळच, ला शापेलला तमिळ दुकानं आहेत. शेवग्याच्या शेंगासुद्धा मिळतात. घर घेतलं म्हणजे मी परत येणारच नाही असं नाही हं. तसं काही ठरवलेलं नाही.

आता मुकाट्याने ऐकायचं. बाबा, बीपीची गोळी रोज, आठवण झाली की नव्हे. आत्याकडे जाताना फास्टमागे धावायचं नाही, गुडघे तुमचेच आहेत. पासपोर्ट संपत आलेत, या महिन्यात अपॉइंटमेंट घ्या. मे महिन्यात या, तेव्हा थंडी नसते.

तुमची,
चिमी

ता. क. आई, येताना ती बटणांची डबी आण.