सूचना : शालेय चित्रकला स्पर्धांसाठी चित्रे पाठवण्यापूर्वी

सर्व कलाशिक्षक व पालक सभासदांस,

पाचवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांची चित्रे स्पर्धांना पाठवण्याआधी नियमावली मुलांसोबत बसून वाचावी. वयोगट, माध्यम आणि आकार या तीन गोष्टींवर चांगली चित्रे अकारण बाद होतात. ए-३ मागितला असेल तर कागद २९७ × ४२० मिलिमीटरचाच हवा.

जलरंगासाठी ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) जाड कागद घ्यावा. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि मूल स्वतःलाच दोष देत बसते. कोळशाच्या चित्रावर फिक्सेटिव्ह (कोळशाची भुकटी कागदावर पक्की बसवणारा फवारा) मोठ्यांनीच, मोकळ्या हवेत फवारावे. तैलरंगाचा जाड थर सुकायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे मुदत जवळ असेल तर ॲक्रिलिक बरे.

ऑनलाइन प्रवेशिकेसाठी फोटो दिवसाच्या उजेडात पण थेट उन्हात नव्हे, फ्लॅश बंद ठेवून, कॅमेरा चित्राला समांतर धरून काढावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. चित्रावर मोठ्यांनी हात फिरवू नये, ‘जरा नीटनेटके करून देतो’ म्हणूनसुद्धा नाही. इंटरनेटवरच्या दुसऱ्याच्या छायाचित्राची हुबेहूब नक्कलही नको. संदर्भ मुलांनी स्वतः काढलेल्या फोटोंतून किंवा प्रत्यक्ष पाहून घ्यावा. कच्ची रेखाटने, रंगांचे प्रयोग, फसलेले प्रयत्न एका वहीत तारखेसह जपायला सांगा. पुढे चित्रकलेच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठी पोर्टफोलिओ (स्वतःच्या कामाचा निवडक संग्रह) लागला, तर हीच वही उपयोगी पडेल. निवड न झालेली चित्रेही वर्गात लावावीत, ही आग्रहाची विनंती.

मूळ चित्र परत मिळणार का, हे पाठवण्यापूर्वीच विचारून घ्यावे.