आमच्या बाजूने न बोललेल्या सर्व्हेअर काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आमच्या रांगोळीच्या विक्रमाचे पुरावे सगळे अपलोड झाले. गिनीजचा साधा अर्ज फुकट असतो, पण उत्तराला 12 आठवडे सहज जातात. विक्रम मान्य व्हायचा तेव्हा होईल, तुमचे आभार मानायला तेवढं कशाला थांबायचं?

मैदानभर रांगोळी घालायचं आम्हा बायकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. अडलं ते कागदांपाशी. आधी अर्ज करायचा, नियमावली हाती आली की तिच्याबरहुकूम सगळं करायचं, चित्रीकरण ठेवायचं, साक्षीदार दोन आणि तेही आपल्या नात्यागोत्यातले नकोत, शिवाय क्षेत्रफळ मोजायला पात्र सर्व्हेअर. मंडळातल्या एकीचे दीर साक्षीदार व्हायला एका पायावर तयार होते. तुम्ही म्हणालात, "दीर नकोत. आणि तुम्ही टाईप करून आणलेल्या निवेदनावर मी सही करणार नाही. मी जे पाहीन ते मीच लिहीन."

त्या दिवशी पहाटेच टोटल स्टेशन, म्हणजे तुमचं ते अंतरं आणि कोन मोजायचं यंत्र, लावून बसलात, चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला! आणि मोजताना, रंग भरणाऱ्यांसाठी मध्ये सोडलेल्या वाटा एकेक करून वजा केल्यात. "रंग नाही तिथे रांगोळी नाही." आकडा खाली आला तशी कुजबुज सुरू झाली. खोटं कशाला सांगू, नावंही ठेवली गेली तुम्हाला. त्यात तुम्ही पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून मोजायला घेतलंत. कुणीतरी वैतागून विचारलं, तेव्हा म्हणालात, "जगातली सर्वांत कमी उंचीची महिला म्हणून नोंद झालेल्या आपल्या नागपूरच्या ज्योती आमगे यांची उंची 2011 मध्ये 24 तासांत तीनदा मोजली, तेव्हा कुठे 62.8 सेंटीमीटर हा आकडा लागला. तुमची रांगोळी दोनदा मोजली तर काय बिघडलं?"

धावपटू फौजा सिंग यांचं तुम्हीच सांगितलंत. 2011 मध्येच टोरांटोची मॅरेथॉन त्यांनी पूर्ण केली. पासपोर्टवर जन्मतारीख 1 एप्रिल 1911, शंभरीनिमित्त इंग्लंडच्या राणीचं पत्रही आलेलं. पण गिनीजला त्या काळचा जन्मदाखला हवा होता, आणि पंजाबातल्या त्यांच्या गावी तेव्हा तसे दाखले होतच नव्हते. सर्वांत वयस्कर मॅरेथॉन धावपटूचा विक्रम काही त्यांच्या नावावर नोंदला गेला नाही. मला हा अन्यायच वाटतो, काका. शंभर वर्षांचा माणूस 42 किलोमीटर पुरे करतो आणि अडतो कशावर, तर कागदावर! पण त्यांच्याकडे कागद असणंच शक्य नव्हतं. आमचं तर सगळं समोर अंथरलेलं होतं, ते नीट मोजून घेण्यात कसला कमीपणा? तुमच्यामुळे आमच्या अर्जात असा एकही आकडा नाही, की ज्याबद्दल कुणी विचारलं तर आम्हाला एकमेकींकडे बघावं लागेल.

शेजारच्या पेठेतल्या ढोल पथकालाही आता विक्रमाची हौस आली आहे. त्यांचा प्रमुख परवा विचारत होता, "वादक अंदाजे मोजले तर चालतात ना?" मी त्याला तुमचा नंबर दिलाय. रागावू नका.

आपली,
रांगोळी मंडळातली एक