बर्फ कमी आहे म्हणूनच

आई-बाबा,

मनालीहून नमस्कार. परवा फोन मध्येच कट झाला, बाबा तुम्ही चिडलाय ते आवाजावरनंच कळालं. घोट्याएवढा बर्फ आणि तू ट्रेक कॅन्सल करतोस, पैसे काय झाडाला लागतात काय, असं म्हणाला ना. दोन ग्रुप मीच परत पाठवलेत, म्हणून या महिन्याला पैसे निम्मेच येतील, ते आधी सांगून टाकतो.

आपल्याकडं पाऊस जास्त झाला की चोर्ल्याच्या घाटात दरड येते, त्यामुळं तुम्हाला वाटतं बर्फ जास्त तेवढी हिमस्खलनाची, म्हणजे उतारावरचा बर्फ एकदम सुटून खाली यायची, भीती जास्त. मोठ्या बर्फाची भीती असतेच, खरं तिची तयारी आत्ताच्या कमी बर्फात होते. जमीन अजून शून्याच्या आसपास, रात्रीची हवा उणे १०-१२, आणि मधी बर्फ फूटभरच, मग खालची वाफ त्यातनं वर चढत राहते आणि तळातल्या बर्फाचे साखरेसारखे मोकळे दाणे होतात. गेल्या आठवड्यात उत्तरेकडच्या सावलीच्या उतारावर मी खड्डा खणून बघितला. वर वीतभर कडक थर, आणि खालचा मुठीत धरला तर बोटांतनं गळून गेला, आई, पाक न घालता रव्याचा लाडू वळाय घेतलास तर कसं होईल अगदी तसं, कितीबी दाब, वळतच नाही. आता यावर एक मोठा बर्फ पडला, नाहीतर वाऱ्यानं डोंगराच्या पलीकडचा आणून टाकला, की झालं. तिरक्या पत्र्यावर कण्या पसरून वर शहाबादी फरशी ठेवल्यासारखं. आपण पाय ठेवायचा अवकाश, सगळी फरशी एकदम सुटते. ३० ते ४५ अंशाचा उतार सगळ्यात वाईट, आणि गिऱ्हाईकाला फोटोला नेमका तोच पाहिजे असतो.

त्याच दिवशी परत येताना सपाटीला पायाखाली धप्प झालं, म्हणजे तळातला मोकळा थर खचला, आणि बुटापासनं पाच-सहा हात भेग पुढं पळत गेली. सपाटी होती म्हणून काय झालं नाही. खरं मी तिथंच ठरवलं, वरचे ट्रेक बंद.

आणि ते धारवाडकडच्या हणमंतप्पांचं उदाहरण देऊ नका बाबा. सियाचिनला सहा दिवस बर्फाखाली राहून जिवंत सापडले, २०१६ ला, मान्य, खरं बरोबरचे ९ जवान गेले आणि बाहेर काढल्यावर तेबी तीन दिवसांत गेलेच की. एरवी १५ मिनिटांत काढलं तर बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासानंतर फार थोडे. म्हणजे खालनं मदत यायची वाट बघायची सोयच नाही, बरोबर असतील त्यांनीच बीकननं (अंगावर बांधायचं सिग्नलचं यंत्र) शोधायचं, काठी खुपसायची, फावड्यानं काढायचं. आणि माझ्या ग्रुपातल्या पोरांना बीकन चालू करायला येत नव्हतं, एकानं तर बॅगेत तळाला ठेवलेला. २०२२ ला उत्तरकाशीकडं द्रौपदी का डांडाला गिर्यारोहण शिकायला आलेली पोरं हिमस्खलनात गेली, २५ च्या वर, ४ ऑक्टोबरला. आपल्याकडं खंडेनवमी होती त्या दिवशी, थंडी कुठं सुरू झालेली?

सध्या मी खालच्या जंगलातल्या वाटेनंच लोकांना फिरवून आणतोय, त्याचे पैसे कमी मिळतात खरं रोज मिळतात. गोठ्याची कौलं बदलायचं जरा पुढं ढकला, पावसाला अजून सहा महिने आहेत.