जत्रेचा रथ वर्षभर ताडपत्रीखाली का?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या ऑक्टोबरमध्ये लेकीकडं जपानला गेलो होतो, ती नागोयाला नोकरीला आहे. तिनं सुट्टी काढून आम्हा दोघांना ताकायामाला नेलं, नागोयाहून रेल्वेनं अडीच तासाच्या आसपास, डोंगरातलं गाव, वस्ती लाखाच्या आतच, म्हणजे आपल्या लातूरपेक्षा कितीतरी लहान. पण तिथली जत्रा बघून आल्यापासून आमच्या गावचा रथ काही डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

तिथं वर्षातून दोन जत्रा भरतात. पीक चांगलं यावं म्हणून १४-१५ एप्रिलला एक आणि पीक हाती आल्यावर देवाचे आभार मानायला ९-१० ऑक्टोबरला दुसरी. म्हणजे आपली येळवस, पोळा जसा शेताशी बांधलेला तसंच. तारखा ठरलेल्या, त्यामुळं बाहेरची माणसं कितीतरी आधी तिकीट काढून येतात. आम्ही ऑक्टोबरची बघितली, हाचिमान देवळाची. त्याचे ११ रथ, त्याला ते याताई म्हणतात. रात्री एकेका रथावर शंभरेक कागदी कंदील लावून गल्लीगल्लीतनं फिरवतात, मोटार नाही काही नाही, माणसंच ओढतात. कोपऱ्यावर रथ वळवायला खालून एक जादाचं चाक सोडतात आणि त्यावर अख्खा रथ फिरवतात. आमच्याकडं वळणावर चाकाखाली ओंडका घालतात आणि दहा जण ओरडत असतात, ते आठवलं. दुसऱ्या दिवशी एका रथावर बाहुल्यांचा खेळ झाला, ३६ दोऱ्यांवर चालणाऱ्या बाहुल्या, पोरांच्या दोन बाहुल्या झोक्यावरून झोक्यावर उड्या मारत जाऊन देवाच्या खांद्यावर बसतात, माणसं टाळ्या वाजवून थकली.

पण मला सगळ्यात जास्त आवडलं ते जत्रेतलं नाही. गावात हिंडताना मधेच पांढऱ्या भिंतीची अरुंद आणि लई उंच दारं असलेली घरं दिसत होती, मी लेकीला म्हणलं ही धान्याची कोठारं का, तर ती म्हणली बाबा ही रथाची घरं आहेत. ज्या गल्लीचा रथ त्याच गल्लीत त्याचं घर, आग लागली तरी रथ वाचावा म्हणून भिंती जाड, आणि देखभाल त्या गल्लीतल्या लोकांकडंच. पाऊस आला तर रथ बाहेर काढत नाहीत म्हणजे नाहीत. शिवाय देवळाजवळ एक मोठं सभागृह आहे तिथं ११ पैकी ४ रथ पाळीपाळीनं ठेवतात, त्यामुळं जत्रा नसताना आलेला माणूसही तिकीट काढून बघून जातो. हा भाग पूर्वीपासून सुतारांचा, जुन्या काळी इथली माणसं कराच्या बदल्यात राजधानीला सुतारकामाला जायची. २०१६ साली युनेस्कोनं जपानमधल्या अशा ३३ जत्रांना वारसा म्हणून मान दिला, त्यात ही पण आहे.

आता आमचं सांगतो. निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावात महादेवाचा सागवानी रथ आहे, माझ्या आजोबाच्या आधीचा. चैत्रात एक दिवस ओढतात, नंतर वर्षभर देवळाच्या मागं ताडपत्रीखाली. परत आल्यावर मी ताडपत्री उचलून बघितली तर मागच्या डाव्या चाकाचे दोन आरे बोटानं दाबले तर भुसा पडतोय, वाळवी लागलीय, आणि खांबावरच्या मोरावर कुणीतरी ऑइल पेंट मारलाय, नक्षी बुजून गेली. शेडसाठी दोनदा अर्ज दिला, दोन्ही वेळेस निधी नाही म्हणून सांगितलं. मग म्हणलं त्या ताकायामात तरी कुठं सगळं सरकार करतंय, गल्लीच करते ना. मंडपाला आणि डीजेला आम्ही वर्गणी काढतोच, त्यातलीच थोडी पक्क्या भिंतीच्या खोलीला लावली तर काय हरकत आहे? आणि दार उघडं ठेवलं तर खरोसा लेणी बघायला येणारं एखादं कुटुंब आमच्या गावात पण वळेल.

गल्लीतल्या पाच घरांनी हो म्हणलंय, जागा देवळाचीच आहे. अडलंय फक्त चाकापाशी. लातूर, धाराशिव, नांदेडकडं जुन्या लाकडी रथाचं चाक बसवणारा जाणता सुतार कुणाला माहीत असेल तर आपल्याच पेपरात कळवावं, चैत्राच्या आत काम व्हायला पाहिजे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. निलंगा, जि. लातूर