धवले गोळा करताना लाभलेल्या माणसांचे आभार

रायगडच्या किनाऱ्यावर आगरी-कोळी लग्नांतले धवले, म्हणजे लग्नविधींच्या वेळी म्हणायची पारंपरिक गाणी, आम्ही ध्वनिमुद्रित केले. गायल्या धवलारणी, म्हणजे धवले म्हणणाऱ्या बायका, पण तुम्ही नसतात तर काम झालंच नसतं. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा, मिक्सर, टीव्ही बंद करून उकाड्यात बसून राहिलेल्या शेजारणी. होडीचं काम चालू असताना हातोडा खाली ठेवणारे दादा. आणि त्या सूनबाई! गाणाऱ्या धवलारीण आजींना दम लागला की पुढची ओळ हळूच धरायच्या, मग आमची वही आजींना वाचून दाखवून शब्दन् शब्द तपासून घ्यायच्या. हळदीचे धवले कुठले, मांडवाचे कुठले, हेही त्यांनीच समजावलं. नावं छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही. सगळ्यांचे अगदी मनापासून आभार. रेकॉर्डिंगच्या प्रती पेनड्राइव्हवर घरोघरी आणून देतो आहोत.