दुकानातल्या आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणाऱ्या) काकांना

काका,
स. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण नौपाड्यातली सराफीवाली बाई आणि तिचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर म्हटलं की तुमच्या लक्षात येईल.

ते कारखान्यातून दुरुस्त होऊन आलं तेव्हापासून माझी झोप उडाली होती. आधी चार-सहा गोळ्या झाडल्या की सिलेंडर अडकायचं, म्हणून तर पाठवलं. परत आलं ते छान मोकळं फिरणारं, पण उजेडासमोर धरलं की नळी आणि सिलेंडरच्या मध्ये चीर दिसायची. सोबतच्या कागदावर एवढंच, ‘दुरुस्त केले, तपासले.’ फट किती ठेवली, त्याचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणे, ‘मॅडम, गॅप असतोच. घरात कोणी जेन्ट्स असतील तर त्यांना द्या ना फोन.’ अहो, परवाना माझ्या नावावर आहे! दिवसभर मिलिग्रॅममध्ये हिशेब करणाऱ्या बाईला ‘असतोच’ म्हणून कसं वाटेला लावता?

शेवटी ते तुमच्याकडे आणलं. तुम्ही आधी सिलेंडर बाहेर काढून सहाही घरं रिकामी असल्याचं बघितलंत, मग मलाही बघायला लावलंत. फिलर गेजच्या, म्हणजे फट मोजायच्या, पातळ पात्या पुसल्यात. आणि स्वतः मोजायच्या ऐवजी पाती माझ्याच हातात दिलीत. ‘ताई, तुमच्या बोटांना कळेल.’

काका, या एका वाक्यासाठी हे पत्र.

सिलेंडर मागे रेटून धरलं तेव्हा सात थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पाती सरकली, आठची अडली. पुढे रेटल्यावर पाचची जेमतेम गेली. म्हणजे सिलेंडरची पुढेमागे हालचाल साधारण दोन थाऊ. तुम्ही म्हणालात, फट चार ते आठ थाऊ असली की निर्धास्त राहायचं, दहापर्यंत बरेच जण चालवून घेतात, बाराच्या घरात गेली की सरळ परत पाठवायचं. फट फारच कमी असली तर काजळी आणि शिसं साचून सिलेंडर घासतं, माझं पूर्वी तेच होत होतं. जास्त झाली तर गरम वायू बाजूने निसटतो, गोळीचा वेग घटतो, शिशाचे कण उडतात. फट बरोबर असली तरी झाडताना तिच्याजवळ बोट न्यायचं नाही, हे तर तुम्ही दोनदा बजावलंत.

सात थाऊ म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. कारखान्याने काम चोखच केलं होतं की! मग हा आकडा कागदावर लिहायला त्यांची किती शाई संपली असती? तुम्ही तो बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर तारखेसकट लिहून दिलात. ती चिठ्ठी आता परवान्याच्या फाइलमध्ये आहे.

हुशार कारागीर ठाण्यात पुष्कळ आहेत, वागळे इस्टेटीत तर गल्लोगल्ली. पण आपल्याला येतं ते समोरच्याला दाखवताना हात आखडता न घेणारी माणसं मोजकीच भेटतात. गिऱ्हाईक शहाणं झालं तर आपलं महत्त्व कमी होईल, अशी धास्ती अनेकांना असते. तुमच्याकडे तिचा लवलेश नव्हता.

पैसे घेतले नाहीत, ते मात्र मला पटलेलं नाही. निवडणुकीत हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं, तर सुटून आल्यावर पुन्हा मोजायला आणीन. तेव्हा तुमचं काही ऐकणार नाही.

आपली,
नौपाड्याची सराफीण